गॅलक्सी वाय, नोकिया ५२३३ आणि न उघडणारी पाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एका घरात माळा आवरताना वडिलांचा सॅमसंग गॅलक्सी वाय आणि मामाचा नोकिया ५२३३ सापडला. दोन्ही चार्ज होतात, सुरू होतात. पण ब्राउझरमध्ये बहुतेक साइट उघडत नाहीत आणि उघडली तर फोन हँग होतो. गॅलक्सी तर पान लोड होता होता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. हे फोन तेव्हाही असेच चालायचे का, आणि आज त्यांच्यावर निदान बातम्या तरी वाचता येतील का?

हे फोन तेव्हाही संथ होते, पण आज दिसतात इतके बिघडलेले नव्हते. तुम्हाला जे दिसते आहे त्यात तीन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत: थकलेली बॅटरी, काळाच्या मागे पडलेले एन्क्रिप्शन आणि मूळचीच तोकडी मेमरी. लोक सरसकट प्रोसेसरला दोष देतात, पण या फोनांत त्याचा नंबर शेवटचा लागतो. म्हणून तपासणी याच क्रमाने करा.

सुरुवात बॅटरीपासून. पान लोड होताना फोन रीस्टार्ट झाला की ब्राउझर क्रॅश झाला असे वाटते. ब्राउझर क्रॅश झाला तर स्क्रीनवर तसा संदेश येतो किंवा तुम्ही थेट होम स्क्रीनवर येता. अख्खा फोन बंद पडत नाही. जीएसएम (टू-जी) फोन टॉवरशी सलग बोलत नाही, छोट्या झटक्यांत बोलतो आणि रेंज कमी असेल तर एका झटक्यात बॅटरीतून दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढला जातो. दहा-बारा वर्षांच्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. तेवढ्या क्षणात व्होल्टेज कोसळते आणि फोन बंद होतो. पडताळणी सोपी आहे: सिम काढा आणि तेच पान फक्त वाय-फायवर उघडा. आता रीस्टार्ट होत नसेल तर दोष बॅटरीचा. मल्टीमीटरवर ४.१ व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी चांगली ठरत नाही, कारण तो आकडा भार नसतानाचा असतो.

बॅटरी काढून सपाट काचेवर ठेवा आणि बोटाने फिरवा. गिरकी घेतली तर ती फुगली आहे. पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. गॅलक्सी वायला १२०० एमएएचची बॅटरी लागते, ५२३३ ला बीएल-५जे, १३२० एमएएच. मनीष मार्केटात किंवा लॅमिंग्टन रोडला दोन्हींसाठी विचारता येईल, पण 'सीलबंद जुना ओरिजिनल माल' म्हणून जे देतात ते घेऊ नका. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते. अलीकडच्या उत्पादन तारखेची साधी बॅटरी त्यापेक्षा बरी, फक्त पिशवीवर या आकाराच्या बॅटरीला २००० किंवा ३००० एमएएच छापले असेल तर ती परत द्या. मुंबईच्या दमट हवेत फोनमधल्या बॅटरीच्या पिना हिरवट-काळ्या पडतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. एवढ्याने अर्धे 'हार्डवेअर फॉल्ट' नाहीसे होतात.

दुसरी पायरी घड्याळ. बॅटरी पूर्ण उतरली की या फोनांची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की प्रत्येक सुरक्षित साइट 'प्रमाणपत्र वैध नाही' म्हणून नाकारली जाते. तारीख आणि वर्ष हाताने बरोबर करा. नोकियावर एक गुंता आहे: सिंबियनच्या, म्हणजे या नोकियाच्या यंत्रणेच्या, जुन्या ॲपांची स्वाक्षरी मुदत संपलेली असल्याने ती बसवताना लोक तारीख मुद्दाम मागे नेतात. ॲप बसले की तारीख पुन्हा पुढे आणायला विसरू नका, नाहीतर ब्राउझर बंद आणि कारण लक्षात येत नाही.

तारीख नीट करूनही बहुतेक साइट उघडणार नाहीत. हा एन्क्रिप्शनचा भाग आहे, आणि सेटिंग्जमध्ये कितीही शोधले तरी त्यावर उपाय सापडणार नाही. गॅलक्सी वायवरच्या अँड्रॉइड २.३ चा मूळ ब्राउझर टीएलएसची, म्हणजे साइटशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या पद्धतीची, फक्त १.० ही आवृत्ती बोलतो. आजचे बहुतेक सर्व्हर १.२ च्या खाली येत नाहीत. शिवाय एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट असतात तेव्हा कोणती साइट हवी ते जोडणी सुरू करतानाच सांगावे लागते. ते सांगण्याची सोय अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये ३.० पासून आली. तिसरी गोष्ट मूळ प्रमाणपत्रांची, म्हणजे साइटच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा का हे फोन ज्यावरून ठरवतो त्यांची. अनेक लहान-मोठ्या साइट लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेची प्रमाणपत्रे वापरतात आणि त्यांचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत नाही. अँड्रॉइड ४.० पासून मूळ प्रमाणपत्र मेमरी कार्डावरून बसवता येते, २.३ वर ती यादी सिस्टिम विभागातल्या एका फाइलमध्ये बंद आहे, म्हणजे रूट केल्याशिवाय (फोनच्या यंत्रणेचा पूर्ण ताबा घेतल्याशिवाय) हात लागत नाही. आणि रूट करून प्रमाणपत्र घातले तरी पहिल्या दोन अडचणी तशाच राहतात. त्यामागे रविवार घालवू नका. क्रोम बसवायला जाल तर त्याला पहिल्या आवृत्तीपासून अँड्रॉइड ४.० लागत होते. गुगल खातेही या फोनवर जोडले जाणार नाही: २.३.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर साइन-इन २७ सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे.

आता मूळ मुद्दा, मेमरी. गॅलक्सी वायमध्ये वापरता येण्याजोगी रॅम सुमारे २९० एमबी. त्यातली निम्म्याहून जास्त यंत्रणा, लाँचर, कीबोर्ड आणि फोनची सेवा खाऊन बसतात. ५२३३ मध्ये एकूण १२८ एमबी. २००७ चा पहिला आयफोन आणि नंतरचा आयफोन ३जी सुद्धा १२८ एमबीवरच होते.

ही मेमरी कशाने भरते हे समजले की बाकीचे वागणे आपोआप उलगडते. लोक पानाचा आकार केबीत मोजतात. पण १२०० गुणिले ८०० पिक्सेलचे छायाचित्र जेपीईजी म्हणून १५० केबीचे असले, तरी स्क्रीनवर रंगवण्यासाठी ते उलगडावे लागते आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. १२०० × ८०० × ४, म्हणजे सुमारे ३.८ एमबी. बातमीच्या पानावर अशी आठ छायाचित्रे असली की तीस एमबी गेले, आणि गॅलक्सी वायची स्क्रीन आहे २४० × ३२० ची! फाइल लहान आहे म्हणून पान हलके, हा समज या फोनांवर सर्वात महाग पडतो.

मेमरी संपत आली की अँड्रॉइड मागे पडलेली ॲप मारायला लागतो: आधी रिकाम्या प्रक्रिया, मग पार्श्वभूमीतली ॲप, मग सेवा. ब्राउझरमधून मेसेज वाचायला गेलात आणि परत आलात तर पान पुन्हा पहिल्यापासून लोड होते, कारण मधल्या काळात ब्राउझरच मारला गेलेला असतो. बरेचदा होम स्क्रीनचा लाँचरही जातो, म्हणून होम बटण दाबल्यावर आयकॉन एकेक करून उगवतात. आयफोनवर हेच वेगळ्या रूपात दिसायचे. सफारी आठ पाने उघडू द्यायची, पण दुसऱ्या पानावर जाऊन परत आले की पहिले पुन्हा डाउनलोड व्हायचे, आणि भरभर सरकवले तर मजकुराऐवजी राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसायच्या, कारण तेवढा तुकडा अजून रंगवून झालेला नसे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. त्या काळी मोबाइलच्या अनेक दुकानांत फोन विकतानाच टास्क किलर, म्हणजे चालू ॲप बंद करणारे ॲप, टाकून दिले जायचे. ते काढून टाका. अँड्रॉइड मेमरी मुद्दाम भरलेली ठेवतो, म्हणजे ॲप पुन्हा चटकन उघडते. टास्क किलर मारते, ॲपची सेवा पुन्हा उठते, पुन्हा मारते. यात प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही झिजतात आणि मोकळी मेमरी दोन मिनिटांत होती तिथे येते. खरा फरक पडतो तो लाइव्ह वॉलपेपर बंद केल्याने, होम स्क्रीनवरची हवामान-बातम्यांची विजेट काढल्याने आणि ब्राउझरमध्ये एका वेळी एकच विंडो ठेवल्याने.

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'लोड इमेजेस'ची खूण काढा. वर केलेला सगळा हिशेब त्या एका खुणेत आहे. प्लग-इन बंद करा. त्यातल्या फ्लॅशला (वेबवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारे प्लग-इन) एआरएमव्ही७ जातीचा प्रोसेसर लागायचा आणि गॅलक्सी वायचा ८३२ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर एआरएमव्ही६ आहे, तेव्हा ती सोय त्यावर कधी नव्हतीच. कॅशे अधूनमधून पुसा, पण रोज नको. कॅशे रिकामा म्हणजे तीच चित्रे पुन्हा नेटवरून.

बोट टेकवल्यावर दुवा उघडायला जो किंचित उशीर होतो, त्यात सुमारे ३०० मिलिसेकंद मुद्दाम ठेवलेले आहेत. दोनदा टेकवून पान मोठे करायची सोय असल्याने ब्राउझर दुसऱ्या टिचकीची वाट बघतो. तो संथपणा फोनचा नाही, आणि कोणत्याही सफाईने तो जाणार नाही.

रॅमशी गोंधळ होतो ती फोन मेमरी. गॅलक्सी वायमध्ये ॲपसाठी जेमतेम १६० ते १८० एमबी आहेत. त्यातली मोकळी जागा दहा टक्क्यांखाली गेली की सूचना येते, त्यानंतर ॲप बसत नाहीत आणि आणखी खाली गेली की एसएमएस येणेही थांबते. ओटीपी न आल्याबद्दल कंपनीला फोन करणाऱ्या अनेकांची अडचण इतकीच असायची. ॲप मेमरी कार्डावर हलवण्याची सोय अँड्रॉइड २.२ पासून आहे, पण ॲपचा एक भाग फोनमध्येच राहतो, त्याचे विजेट चालत नाही आणि यूएसबीने कार्ड संगणकाला जोडले की ते ॲप तेवढा वेळ गायब होते. म्हणून ब्राउझर आणि कीबोर्ड फोनमध्येच ठेवा, खेळ कार्डावर. कार्डावरच्या क्लास ४ किंवा क्लास १० या खुणा सलग लिहिण्याचा वेग सांगतात. ॲपना लागते इथे-तिथे बारीकसारीक लिहिणे, आणि त्यात क्लास १० चे स्वस्त कार्ड चांगल्या क्लास ४ पेक्षा मंद निघू शकते.

सगळे करूनही फोन रेंगाळत असेल तर फॅक्टरी रीसेट. गॅलक्सी वायवर फोन बंद करून व्हॉल्यूम अप, होम आणि पॉवर एकत्र दाबून धरा, व्हॉल्यूमने खाली जा, आधी कॅशे विभाग पुसा, मग डेटा. नोकियावर *#७३७०# डायल करा. सिक्युरिटी कोड बदलला नसेल तर १२३४५. दोन्हीकडे नंबर आणि फोटो जातात. वडिलांचे आणि मामाचे जुने फोटो, मेसेज त्यात असतील, म्हणून आधी ते काढून घ्या.

आता नेटवर्क, कारण त्या काळचा खरा अनुभव तिथे घडत होता. जीपीआरएस आणि एज या टू-जीवरच्या इंटरनेट सेवांचा वेग कमी होता हे सगळे सांगतात. त्याहून त्रासदायक होती प्रतीक्षा. एजवर एक निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. सुरक्षित पानासाठी नाव शोधणे, जोडणी, एन्क्रिप्शनचे दोन फेरे आणि मग मागणी असे पाच फेरे होतात. म्हणजे एक अक्षरही न येता अडीच सेकंद गेले. पानात दहा वेगवेगळ्या सर्व्हरांवरच्या गोष्टी असतील तर हा खेळ दहा वेळा.

लोकलमध्ये याची कसोटी लागायची. गाडी धावताना फोन सतत एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो. बोलताना तो बदल नेटवर्क सांभाळते, पण एजवर डेटा काही क्षण थांबतो आणि मग पुन्हा सुरू होतो. ठाण्यापुढे फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की जोडणी तुटायची, आणि अर्धे उतरलेले पान पहिल्यापासून मागावे लागायचे. दादरला रेंजच्या पूर्ण काड्या असूनही काही उघडायचे नाही. काड्या टॉवरचा सिग्नल दाखवतात, टॉवरवर किती जणांची गर्दी आहे ते दाखवत नाहीत. टू-जीवर कॉल आला की डेटा थांबतो, तेही लक्षात ठेवा. एम-इंडिकेटरसारखे ॲप या फोनांवर इतके रुजले ते याच कारणाने: लोकलचे वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले, नेटची गरज नाही.

पैशाचा हिशेबही होता. डेटा पॅक नसेल तर १० केबीला १० पैसे हा दर सर्रास होता. म्हणजे एका एमबीला सव्वादहा रुपयांच्या आसपास. आज बातमीचे एक पान दोन-तीन एमबी सहज भरते; त्या दराने ते पान वीस-तीस रुपयांचे.

या सगळ्यावर तेव्हा ज्याने खरा तोडगा काढला तो ऑपेरा मिनी. २००६ मध्ये तो जगभर उपलब्ध झाला. त्याची युक्ती अशी की पान फोन उघडतच नाही. फोन ऑपेराच्या सर्व्हरला पत्ता कळवतो, सर्व्हर पान उघडतो, जावास्क्रिप्ट चालवतो, चित्रे स्क्रीनच्या मापाला लहान करतो आणि सगळे एका दाबलेल्या गठ्ठ्यात पाठवतो. दहा जोडण्यांऐवजी एक, आणि डेटात ९० टक्क्यांपर्यंत बचत. मेमरी, एन्क्रिप्शन आणि प्रतीक्षा, तिन्ही ओझी सर्व्हरवर गेली. मुंबईत कीपॅडच्या नोकियापासून अँड्रॉइडपर्यंत तो इतका पसरला तो उगाच नाही.

त्याची किंमतही समजून घ्या. जावास्क्रिप्ट सर्व्हरवर थोडाच वेळ चालते आणि मग थांबते, म्हणून टाइप करताना सुचवण्या दाखवणारे रकाने, सरकणारे नकाशे, खाली जाताना आपोआप भरत जाणारी पाने त्यात नीट चालत नाहीत. आणि सुरक्षित पान आधी सर्व्हरवर उलगडले जात असल्याने पासवर्डही तिथून जातो. बँकेचे काम त्यात करू नये, हे तेव्हाही खरे होते.

मराठी वाचणाऱ्यांसाठी त्यात एक दडलेली सोय होती. बहुतेक अँड्रॉइड २.३ फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत, किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाई. नुसता फाँट टाकून भागत नाही, कारण जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणाही लागते. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी 'कॉन्फिग' आणि अपूर्णविराम, हे इंग्रजीत टाइप केले की शेवटी 'यूज बिटमॅप फाँट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा पर्याय येतो. तो 'येस' करून सेव्ह केला की देवनागरी सर्व्हरवर जुळवून चित्ररूपात येते. डेटा थोडा जास्त जातो, मजकूर कॉपी होत नाही, पण वाचता येते, आणि नीट वाचता येते.

आता आजचे. गॅलक्सी वायसाठी तुम्ही हीच ऑपेराची युक्ती घरी करू शकता. 'वेब रेंडरिंग प्रॉक्सी' नावाचा मोफत प्रोग्राम घरच्या संगणकावर चालतो. तो आत क्रोमियममध्ये (क्रोमचाच मुक्त भाऊ) पान उघडतो, त्याचे चित्र काढतो आणि दुव्यांच्या जागा टिचकी लागण्याजोग्या ठेवून ते साध्या एचटीटीपीवर फोनला देतो. टीएलएसचा प्रश्न संगणक सोडवतो आणि देवनागरी चित्रात बरोबर येते. संगणकावर क्रोम किंवा क्रोमियम हवे. प्रोग्राम सुरू केला की तो ८०८० पोर्टवर बसतो. फोनच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा स्थानिक आयपी पत्ता, अपूर्णविराम आणि ८०८० टाका. या वेळी 'लोड इमेजेस' मात्र चालू हवे, कारण पानच चित्र आहे. वरच्या रकान्यांत रुंदी ३२० आणि उंची ६०० च्या आसपास ठेवा. अख्ख्या पानाचे एकच लांबलचक चित्र मागितले तर मेमरीचा तोच जुना हिशेब आडवा येईल.

जोडणी होत नसेल तर बहुतेकदा कारण वाय-फायचे असते. हा फोन फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ पाहतो, ५ गिगाहर्ट्‌झचे नेटवर्क त्याला दिसतच नाही. राउटरची वाय-फाय सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२ करा. राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर फोन असेल तर तो संगणकापर्यंत पोचणार नाही. विंडोजचे फायरवॉल ८०८० अडवते, त्याला परवानगी द्या. फोन आणि संगणक यांच्यामधला प्रवास उघडा आहे, म्हणून यातून कोणतेही लॉगिन करू नका आणि राउटरवरून हे पोर्ट बाहेर उघडू नका.

नोकिया ५२३३ चे उत्तर वेगळे आहे. त्यात वाय-फाय नाही आणि थ्री-जीही नाही, म्हणजे घरच्या प्रॉक्सीपर्यंत त्याला वाट नाही. सिमचा एज एवढाच मार्ग. जिओचे सिम चालणार नाही, कारण ते नेटवर्क फक्त फोर-जीपासून पुढचे आहे. एअरटेल किंवा व्हीआयच्या टू-जीवर फोन नोंदला जातो. एअरटेलसाठी ॲक्सेस पॉइंट (फोनला नेटशी जोडणारे नाव) 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', इंग्रजी लहान अक्षरांत, हाताने भरा. आजचे नॅनो सिम अडॉप्टरमध्ये घालताना अडॉप्टरला मागून पातळ पट्टी असलेलाच घ्या. बिनपट्टीच्या अडॉप्टरमधून सिम निसटते आणि बाहेर ओढताना फोनच्या पिना वाकतात. मग ऑपेरा मिनी उघडून पहिल्या जोडणीला एक मिनिट द्या. सर्व्हरने स्वीकारले तर बातम्यांचा मजकूर वाचता येईल. नाही स्वीकारले तर त्या फोनवर वेबचा विषय संपवा आणि हेडफोन लावून एफएम ऐका. त्याची वायर अँटेनाचे काम करते आणि त्याला कुठल्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही.